पाहुण्यांची चटई

१

आमचं काम टीव्ही बघायचं नव्हतं, टीव्ही बघणाऱ्यांना बघायचं होतं. हे मी फिजीच्या राजधानीत, सुव्यात, इतक्या जणांना समजावून सांगितलं, की शेवटी कुणी विचारलं तर "विद्यापीठात आहे" एवढंच म्हणून मोकळी व्हायचे.

विद्यापीठाच्या मागच्या अंगाला, कॅन्टीनच्या भटारखान्याला लागून आमची खोली. तिला खिडकी होती, पण डॉक्टर हॅलोरनबाईंनी ती काळ्या कागदाने बंद करून घेतली होती. आत दोन टेबलं, दोन टीव्ही, दोन हेडफोन. एका टेबलावर मी, दुसऱ्यावर सुभागी. मधे प्लायवूडचा आडोसा, कारण एकीने दुसरीचं बघून लिहायचं नाही असा नियम. कानात 'टुक' वाजलं की टेप थांबवायची आणि समोर दिसणाऱ्या प्रत्येक माणसाचे डोळे कुठे आहेत त्याची खूण करायची. पडद्यावर, की इतरत्र. झालं. पुन्हा टुक.

टेपा यायच्या त्या माझ्याच गावाहून, नासोऱ्याहून. बेट इतकं लांब की तिथे तोवर टीव्ही पोचलाच नव्हता, आणि मेलबर्नच्या हॅलोरनबाईंना नेमकं तेच हवं होतं. ज्यांनी जन्मात टीव्ही पाहिला नाही त्यांना तो दाखवायचा आणि त्यांचं काय होतं ते बघायचं. पोरं जास्त मारामाऱ्या करतात का, बायका स्वतःला जाड म्हणायला लागतात का, शेजारी एकमेकांकडे जायचे थांबतात का. टीव्ही, त्याचा जनरेटर आणि दाखवायच्या टेपा ठेवल्या होत्या आमच्याच घरात. घर मोठं. भाऊ सैन्यात, शांतिसेनेबरोबर तिकडे लेबनॉनला. मी सुव्यात. आई एकटी. तिनेच हौसेने हात वर केला, कारण तिला माणसं लागत.

माझी आई केलेरा दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "या, जेवायला!" अशी हाक मारायची. आमच्याकडे सगळेच मारतात, ती बोलायची रीत आहे, खरंच कुणी येत नाही. पण आईची हाक पार धक्क्यावर ऐकू जायची. दर शनिवारी ती पोस्टात जाऊन मला फोन करायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय गं, मेलीस की काय?" त्यानंतर मी कशी वाळलेय, लग्न कसं करत नाही, चर्चला कशी जात नाही, सगळं एका दमात. बोलून बोलून जीव खायची बाई. पण शनिवारी फोन उशिरा आला तर माझं कशात लक्ष लागायचं नाही.

२

कॅमेरा टीव्हीच्या डोक्यावर बसवलेला, तोंड बघणाऱ्यांकडे. म्हणजे टीव्हीवर काय चाललंय ते आम्हाला नुसतं ऐकू यायचं. दिसायची ती माणसं. चटयांवर मांडी घालून बसलेलं अख्खं गाव, आणि पुढच्या रांगेत भिंतीला टेकून माझी आई. गावी असताना मी तिच्याकडे कधी एवढं टक लावून बघितलं नसेल.

सुरुवातीला आमचीच करमणूक व्हायची. पडद्यावर कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली की गाव एका सुरात "आऽऽ" करायचं. आई तर टीव्हीलाच शिव्या घालायची. "अगं, त्याच्या नादी लागू नकोस! तो मेला आधीच्या बाईलाही असंच म्हणाला होता!" सुभागीला आमची भाषा अर्धीमुर्धी कळायची, पण तीही आडोशापलीकडे फिदीफिदी हसायची.

मग हळूहळू ते कमी झालं. तिकडे टीव्हीवर भांडणाची टेप लावली काय, विनोदाची लावली काय, साबणाच्या जाहिराती लावल्या काय, चेहरे तेच. कुणी दमलेलं नाही, कुणी कंटाळलेलं नाही. नुसते बसलेले.

हॅलोरनबाईंना याचं नवल वाटलं नाही. "माणसं बधिर होतात, सेरु," त्या म्हणाल्या. मी सेरुवाइया, पण त्यांची जीभ तेवढ्या लांब जायची नाही. "रोज रोज तेच बघून भावना बोथट होतात. आपण हेच तर शोधायला आलोय."

मला ते पटलं. माझंही तेच झालं होतं की. दिवसभर तोंडं बघून संध्याकाळी बसमध्ये मला सगळी माणसं 'पडद्यावर' नाहीतर 'इतरत्र' अशीच दिसायची. आमच्या रस्त्यावर एकदा दुचाकीवाला पडला, रक्त आलं, लोक धावले. मी उभी राहिले आणि मनात म्हटलं, इतरत्र. घरी आले, भात खाल्ला, झोपले.

पण आई बधिर होईल हे काही माझ्या डोक्यात बसेना. एका शनिवारी तिचा फोन आला तर "मेलीस की काय" नाहीच.

"आई?"

"हं."

"काय झालं? बरं नाही का?"

"बरं आहे."

"जेवलीस?"

"बरं आहे," पुन्हा तेच. आणि नुसता श्वास. पैसे संपून फोन कट होईपर्यंत ती तशीच उभी राहिली असणार.

३

त्याच सुमाराला आमचं दोघींचं जमेनासं झालं. म्हणजे भांडण नाही. सुभागी माझ्या शेजारच्याच खोलीत भाड्याने राहायची, रविवारचं जेवण आमचं एकत्र असायचं. जमेना ते खुणांचं. दोघींनी तीच टेप वेगवेगळी बघायची आणि खुणा जुळायला हव्यात. जुळल्या नाहीत तर ते काम फुकट. मी लिहायचे पडद्यावर, ती लिहायची इतरत्र.

"एकत्र बसा आणि एकदाचं ठरवा," हॅलोरनबाई म्हणाल्या.

म्हणून आम्ही आडोसा काढला आणि एकाच टीव्हीपुढे बसलो.

"तुझे डोळे तपासून घे," मी म्हटलं. "सरळ समोर बघतायत की."

"समोर बघतायत, पण पडद्याकडे नाही," सुभागी म्हणाली. तिने आईच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "कॅमेऱ्याच्या खाली टीव्ही आहे ना? मग डोळे इथवर यायला हवेत. हे बघ. त्याच्याही खाली गेलेत. सगळ्यांचे."

खरंच होतं. फार नाही, वीतभर खाली.

"आणि हा पोरगा," ती म्हणाली, "मान का सारखी तिरकी करतो? पुढे तर कुणीच नाही."

पहिल्या रांगेत मधोमध एक पोरगा होता. तो डावीकडे झुकायचा, उजवीकडे झुकायचा, गुडघ्यांवर उठायचा, पुन्हा बसायचा. पुढे मोठं डोकं आलं की पोरं करतात तसं. त्याच्यापुढे आणि टीव्हीपुढे एक मोकळी चटई होती, तिची नक्षीची कडच काय ती चित्रात खाली दिसायची.

"आणि तुमचे लोक कमरेत वाकून का जातात गं?" सुभागीने विचारलं.

मला हसूच आलं. "एवढी वर्षं फिजीत काढलीस आणि हे माहीत नाही? बसलेल्या माणसांपुढून जाताना ताठ जायचं नसतं. वाकायचं, हात खाली सोडायचे, 'तुलोऊ' म्हणायचं. तू मेली खांबासारखी सगळ्यांपुढून जातेस ते आमच्या आईला बघवत नाही."

हे खरं होतं. आई मागच्या वर्षी सुव्याला आली तेव्हा सुभागी चहाचा ट्रे घेऊन सरळ तिच्या डोक्यावरून हात घालून गेली होती. आई म्हणाली, "देवाने हिला कंबर द्यायची राहिली वाटतं." तेव्हापासून तिचं नाव खांब.

"ते ठाऊक आहे गं," खांब म्हणाली. "पण मग त्या म्हाताऱ्यांपुढून का वाकत नाहीत?"

मी टेप मागे नेली. बाजूच्या दाराकडे जाणारी एक बाई उठली. भिंतीकडेने दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, त्यांच्यापुढून ताठ गेली. मधे आली. मोकळ्या चटईपाशी कंबर मोडून वाकली, ओठ हलले, तशीच पुढे सरकली, आणि चटई ओलांडल्यावर पुन्हा ताठ.

मग दुसरी बाई. मग एक म्हातारा, त्याला गुडघ्याने वाकवत नव्हतं, तरी वाकला.

मी जन्मापासून ही रीत बघतेय. म्हणूनच मला दिसलं नव्हतं.

४

"पहिली टेप कुठाय?" मी विचारलं.

पहिली टेप कुणी नोंदवायची नव्हती, टीव्ही गावात आला त्या दिवसाची होती ती. हॅलोरनबाईंनी कॅमेरा लागतो की नाही बघायला चालू केलेला.

आमच्या लोकांनी टीव्हीचं स्वागत केलं होतं. उगाच हसू नका. लांबून कुणी वस्तू घेऊन आलं, यांगोनाची, पाण्यात कालवून प्यायच्या मुळांची, जुडी पुढे ठेवली, की रीतसर पाहुणचार झालाच पाहिजे. घराच्या वरच्या अंगाला, जिथे मानाचा माणूस बसतो, तिथे पेनिआसीमामाने चटई अंथरली. पेनिआसीमामा म्हणजे आईचा भाऊ आणि गावचा मुखिया. त्या चटईमागे टीव्ही ठेवला, म्हणजे पाहुण्याने बसायचं आणि त्याची वस्तू त्याच्या पाठीशी राहायची.

मामाचा आवाज आला, "बाई, या, बसा."

आणि कॅमेऱ्यामागून हॅलोरनबाईंचा, हसत हसत, "नको नको. मी चित्रात यायला नको. तुमचं चालू द्या."

आमच्या कामाचा पहिला नियमच तो. बघणाऱ्याने चित्रात यायचं नाही.

मामा थोडा वेळ थांबला. बिचारा काय करणार? सगळं गाव बसलेलं, वाडग्यात यांगोना कालवलेली. त्याने गळा साफ केला आणि चटईकडे तोंड करून बोलायला लागला. लांबून आलात. हे घर तुमचं. ही चटई तुमची. जाईन म्हणेपर्यंत राहा. मग करवंटी भरून चटईपाशी नेली आणि ठेवली. करवंटी चित्राच्या खाली गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पोकळ, हळू. मग मामाच्या मुलाने करवंटी उचलली आणि रिकामी झाल्याचं दाखवायला उपडी केली.

त्यातून एक थेंब पडला नाही.

"प्यायलं कोण?" सुभागीने विचारलं.

"सांडली असेल. त्यानेच ओतली असेल. खालचं दिसतंय कुठे?"

"हं," सुभागी म्हणाली. "पण सगळे खूश दिसतायत."

पुढच्या रांगेतली माझी आई चटईच्या दिशेने बघून छानसं हसत होती. नव्या पाहुण्याकडे बघून हसावं तसं.

५

मी हॅलोरनबाईंना सांगितलं. वेडेपणा वाटू नये म्हणून फक्त वाकण्याचं सांगितलं, आणि नजरेचं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. "तुमच्याकडे मानाची जागा मोकळी ठेवतात ना? मग त्या जागेपुढे वाकणारच. राजा नसला तरी सिंहासनापुढे माणूस वाकतो."

"आणि नजर?"

"टीव्ही थोडा खाली सरकला असेल. नाहीतर कॅमेरा हलला असेल." त्या हसल्या. "सेरु, तू सुट्टी घे. आपल्या क्षेत्रात हे होतं. फार बघितलं की माणसाला नको तिथे आकार दिसायला लागतात."

"माझी आई आहे त्यात, बाई."

"म्हणूनच म्हणते," त्या म्हणाल्या.

तर्क बिनतोड होता. मी दिवसभर तो मनात घोळवला आणि मला त्यात कुठे चूक सापडली नाही. घाबरायला हवं होतं म्हणावं तर तेही होईना.

६

पुढच्या बोटीने आलेल्या टेपेत डिझेल संपलं.

टीव्हीवर कुणीतरी गात होतं, मागे जनरेटरची धुगधुग. धुगधुग आचके देत थांबली आणि गाणं तुटलं. कॅमेरा त्याच्या बॅटरीवर चालूच राहिला. भर दुपार होती, दारांतून उजेड येत होता, सगळं स्वच्छ दिसत होतं.

कुणी उठलं नाही.

मी हेडफोन कानांवर दाबून धरले. समुद्र. एक कोंबडी. कुणाचा तरी खोकला. टुक. मी खूण करायला पेन उचललं आणि माझं मलाच कळेना काय लिहू.

ते बसूनच राहिले. मधेच सगळ्यांनी एकदम मान डोलावली, कुणी काही सांगितल्यावर डोलवावी तशी. तो पोरगा आता मान तिरकी करत नव्हता. त्याला दिसत होतं. माझ्या आईचे ओठ हलले. मी टेप मागे-पुढे करून चार वेळा ऐकलं. "हो," असं ती म्हणत होती. "हो. हो. बरं आहे."

त्या शनिवारी तिचा फोन आलाच नाही. मीच पोस्टात फोन लावला आणि तिला बोलवायला सांगितलं. कितीतरी वेळाने ती आली.

"आई, डिझेल संपलंय ना तिकडे?"

"हं."

"मग दिवसभर करतेस काय? एकटी बसून असतेस?"

"एकटी कुठे," ती म्हणाली.

"आई, मला शिव्या दे."

"काय?"

"काहीही बोल. मी चर्चला जात नाही. रोज बाहेरचं खाते. बोल की!"

ती विचार करत असावी, काय बोलायचं असतं बरं इथे. मग म्हणाली, "बरं आहे, सेरु."

फोन ठेवल्यावर मी बॅग भरली. आईला तिथून उचलून आणायचं, बस्स, दुसरं काही मला कळत नव्हतं. बाकीच्यांचं काय, असं सुभागीने विचारलं. मी म्हटलं, बाकीच्यांना त्यांच्या मुली आहेत.

७

बोट दुपारी लागली. धक्क्यावर पेनिआसीमामा एकटाच उभा होता. एरवी बोट आली की पोरं पाण्यात उड्या मारतात.

"मामा, गाव कुठाय?"

"घरी," मामा म्हणाला.

"कुणाच्या?"

"तुझ्या."

पूर्वी हाच मामा मला खांद्यावर घेऊन पळायचा आणि "ही बघा नासोऱ्याची डुकरीण!" म्हणून गावभर ओरडायचा. आता माझ्या बॅगेकडेही त्याचं लक्ष नव्हतं. रताळ्याच्या वाफ्यांत गवत गुडघाभर वाढलं होतं. एका घरासमोर चुलीवर पातेलं होतं आणि चूल कधीची विझलेली.

"मामा, खरं सांगा. काय चाललंय?"

तो थांबला. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जुना मामा आला, मी शपथेवर सांगते. हळू आवाजात म्हणाला, "बाईंना म्हटलं होतं बसा म्हणून. त्या बसल्या नाहीत गं."

"मग?"

"मग काय. मी 'या' म्हणालो होतो." त्याने खांदे पाडले. "पाहुण्याला या म्हटल्यावर जा म्हणता येतं का?"

आणि पुन्हा त्याचा चेहरा मिटला. माझ्यापुढे चालायला लागला.

८

मी खालच्या दाराने आत गेले. घरात माणसं दाटीवाटीने बसलेली, भिंतीपासून भिंतीपर्यंत, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. उबट वास येत होता, चटयांचा आणि खोबरेलाचा. आवाज नव्हता. वर टोकाला टीव्ही काळाठिक्कर, त्याच्यावर कॅमेऱ्याचा तांबडा दिवा. कॅमेऱ्याची बॅटरी कोण बदलत होतं कुणास ठाऊक.

"आई," मी हाक मारली.

एकही मान वळली नाही.

आई पलीकडच्या अंगाला, पुढच्या रांगेत. माणसांच्या मधून जावं तर पाय ठेवायला जागा नाही. मोकळी जागा फक्त पुढे, चटई आणि पहिली रांग यांच्या मधे. मी अलीकडची भिंत धरून कशीबशी पुढपर्यंत गेले आणि तिथे थांबले.

मी स्वतःशी ठरवलं होतं. बोटीतच ठरवलं होतं, ताठ जायचं. रिकाम्या चटईपुढे कशाला वाकायचं? वाकलं नाही की ती रिकामी आहे हे सिद्ध होतं. सुभागीसारखी जाईन, खांबासारखी.

पहिलं पाऊल ताठ टाकलं. दुसरंही.

तिसऱ्याला माझी कंबर आपोआप मोडली. हात खाली गेले. तोंडातून आलं, "तुलोऊ." शपथ घेऊन सांगते, मी म्हणाले नाही, ते आलं. लहानपणापासून अंगात मुरलेलं, समोर कुणी बसलेलं असलं की आपसूक येतं. समोर कुणी बसलेलं असलं की.

वाकल्यामुळे माझी नजर टीव्हीच्या काचेशी आली. बंद काचेत खोली दिसत होती. बारीक झालेली सगळी माणसं, दारांतला उजेड, पहिल्या रांगेतले गुडघे. त्यांच्यापुढे वाकलेली मी. माझा एक खांदा दिसत होता. केस दिसत होते. तोंड दिसत नव्हतं, छाती दिसत नव्हती. मी एका बाजूला सरकले तर दुसरा खांदा दिसला आणि पहिला गेला. काच आणि मी यांच्या मधे कुणीतरी बसलेलं असावं, तेवढाच भाग झाकला जात होता.

त्या झाकलेल्या भागाचा वरचा गोल थोडा हलला. माझ्याकडे बघायला मान वर करावी तसा.

मी डोळे मिटून घेतले. चाचपडत चार पावलं गेले, आईचा हात लागला, तो धरला.

"ऊठ. चल. सुव्याला जायचं."

मला वाटलं होतं ती विरोध करेल, सगळं गाव आडवं येईल. काही झालं नाही. ती मुकाट उठली. हात गार होता पण हात तिचाच होता. बाजूच्या दाराने आम्ही बाहेर पडलो, उंबऱ्याशी तिने चपला शोधल्या, तिथलीच एक गुंडाळलेली चटई काखेत मारली. मी तिला ओढत होते.

आणि तिथे, पायरीवर, आई वळली. घरात बघून, नेहमीच्या खणखणीत आवाजात, पार धक्क्यावर जाईल अशी तिने हाक मारली, "बरं का, या आमच्याकडे! या, जेवायला!"

मला रडू फुटलं. किती दिवसांनी ऐकत होते तो आवाज. मी तिला मिठी मारली आणि म्हटलं, "हो गं बाई, चल आता."

९

सुव्यात आई आठवडाभरात माणसात आली. आधी तिने माझं स्वयंपाकघर धुऊन काढलं. मग माझी लाज काढली. "हा दालोचा कंद आहे की दगड? बाजारातल्या बाईने तुला गिऱ्हाईक नाही, गाढव समजून विकलंय." खिडकीत बसून ती रस्त्यावरच्या परक्या लोकांना जेवायला बोलवायची आणि ऑफिसला जाणारे साहेब दचकून वर बघायचे. मी वरवर चिडायचे. आतून इतकं बरं वाटायचं की सांगता येत नाही. नोकरी मी सोडली होती. हॅलोरनबाईंनी पत्र पाठवलं, त्यांचे निष्कर्ष फार चांगले आले होते. बघणाऱ्यांची एवढी एकाग्रता कुठल्याच अभ्यासात नोंदली गेली नव्हती म्हणे. नासोऱ्याबद्दल मी विचारलं नाही. आईनेही विचारलं नाही.

आमच्या खोलीत टीव्ही नव्हता. एक पलंग, एक टेबल, खाली आईने गावाहून येताना आणलेली चटई.

रविवारी दुपारी सुभागी जेवायला आली. आईने नारळाच्या दुधात मासे केले होते. सुभागी आमच्या मधून ताठ चालत गेली, आईच्या डोक्यावरून हात घालून मीठ घेतलं.

"आला खांब," आई म्हणाली. "हिचा नवरा हिला दिवा लावून रस्त्यावर उभी करेल."

आम्ही हसून हसून बेजार. मी मनात म्हटलं, सुटलो.

पुढच्या रविवारी तसंच जेवण, तशीच आई. ती माझ्या मावशीच्या सुनेची उणीदुणी काढत होती, सुनेने लग्नात दिलेली चटई कशी परत मागितली ते. ऐन रंगात आली होती. सुभागी चहाचा ट्रे घेऊन दारातून आली. खोलीच्या मधोमध पोचली. टेबलापुढे, जिथे चटईचा एक कोपरा मोकळा होता, तिथे सुभागीची कंबर मोडली. ट्रे खाली आणला, डोकं खाली घातलं, आणि आमच्या भाषेत, अगदी स्वच्छ, हळूच म्हणाली, "तुलोऊ."

मग ताठ झाली आणि कप मांडायला लागली.

"सुभागी," मी म्हटलं. "कुणाला म्हणालीस?"

"मी काय म्हणाले?" तिने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

मी आईकडे पाहिलं. आई बोलायची थांबली होती. वाक्य अर्धंच होतं, सुनेचं पुढे काय झालं ते राहिलंच. तिची नजर त्या कोपऱ्यावर होती, बसलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत जावी तेवढ्या उंचीवर. चेहऱ्यावर छानसं हसू होतं आणि ते हळूहळू निवत होतं.

"आई, मग सुनेने काय केलं?"

"हो," आई म्हणाली, मला नाही. "बरं आहे."

मला भीती वाटायला हवी होती. ओरडायला हवं होतं, आईला हाताला धरून पुन्हा कुठेतरी पळायला हवं होतं. मी वाट बघितली. काहीच आलं नाही. चहातून वाफ येत होती. सुभागी माझ्या शेजारी येऊन बसली, आणि आम्ही तिघीच, तरी दाटी व्हायला लागली, म्हणून मी जरा भिंतीकडे सरकले आणि जागा करून दिली.